टेप की लेझर? गावच्या घराच्या भिंती मोजण्याआधी

रंगाच्या हिशेबात दोन-चार इंच इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, असं मी मानत होतो. रंगापुरतं ते खरंही आहे. वॉलपेपरच्या वेळी मात्र चार इंचांपायी मी एक अख्खा रोल जास्तीचा घेतला. तो अजून आईच्या फडताळात उभा आहे.

घर गुहागर तालुक्यातलं, चिऱ्याचं, कौलारू. मुक्कामाला आईच, आम्ही ठाण्याहून मे महिन्यात दोन-तीन दिवस जाणार आणि पावसाआधी रंग उरकायचा बेत. वॉलपेपर एकाच भिंतीला, तोही आतल्या खोलीत. पश्चिमेची भिंत पावसात पाझरते, तिथे कागद लावायच्या भानगडीत पडूच नये.

हाताशी होता जुना पाच मीटरचा टेप. खाऱ्या हवेने त्याच्या टोकाचा हुक गंजून कधीच गळून पडलेला. त्यामुळे आमच्याकडे रिवाज असा की, पुढची पट्टी जमिनीवर दुमडायची, चार इंचांच्या खुणेवर अंगठा दाबायचा आणि आलेल्या मापातून चार वजा करायचे. आईने पायाचा अंगठा ठेवला, मी शिडीवर. माळ्यापर्यंत नेताना दोनदा मधेच पट्टीने मान टाकली. तिसऱ्यांदा कशीबशी उभी राहिली. "धरलंय रे, बघ लवकर." मी वाचलं दहा फूट दहा इंच. चार वजा करायचे राहिले. आईला वाटलं मी करीन, मला वाटलं तिने शून्यावर धरलंय.

खरी उंची दहा सहा. नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब. वरखाली कापायला मिळून चार इंच धरले तर दहा सहाच्या भिंतीला एका रोलमधून तीन पट्टे निघतात, साडेबत्तीस फुटांत. दहा दहा धरलं की तेच तीन पट्टे साडेतेहतीस फुटांवर जातात, म्हणजे रोलमागे दोनच. भिंत १४ फूट, पट्टे आठ. तीन रोलचं काम, मी चार आणले. नक्षी जुळवायची असती तर हिशेब आणखी वेगळा झाला असता, ते सोडा.

पुढच्या फेरीला लेझर घेतला, म्हणजे समोर लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं छोटं यंत्र. किंमत टेपच्या कितीतरी पट, हे आधीच सांगतो. पण जमिनीवर ठेवला, बटण दाबलं, उंची आली. शिडी नाही आणि दुसरं टोक धरायला कोणी नाही. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. गावाकडच्या घरात दुसरं टोक धरायला असतं कोण? सत्तरी ओलांडलेली आई, नाहीतर शेजारचे काका, आणि ते आले की आधी चहा. खोलीत पलंग, कपाटं असली तरी डोक्यावरून आरपार लांबी मिळते. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीची उंची तर टेपने मी कधी धड घेतलीच नव्हती. ती मिळाली की पाया गुणिले उंची, भागिले दोन.

लेझरचेही नखरे आहेत. दुपारच्या उन्हात ओटीवर लाल ठिपका दिसत नाही. माप यंत्राच्या मागच्या कडेपासून धरायचं की पुढच्या, हे बटणाने बदलतं, आणि चुकून बदललं तर यंत्राच्या लांबीएवढा फरक पडतो. माझ्या यंत्राची लांबी चार इंचांच्या आसपासच आहे, म्हणजे फिरून तीच चूक! आणि पडद्यावरचे ९.७५ फूट म्हणजे नऊ फूट नऊ इंच. आमचा रंगारी ते नऊ फूट साडेसात इंच लिहून मोकळा होतो.

खिडक्यांना मात्र टेपच बरा. रंगारी भिंतीच्या मापातून खिडक्या वजा करत नाहीत म्हणून मी वाद घालायचो. मग एकदा नीट मोजलं. तीन बाय चारची खिडकी, १२ चौरस फूट. पण चिऱ्याची भिंत जाड, खिडकीच्या आतल्या कडा नऊ इंच खोल, चारही बाजू मिळून साडेदहा चौरस फूट. त्यांनाही रंग लागतोच. तेव्हापासून मी गप्प. फ्लॅटच्या पातळ भिंतीत हे गणित असं जुळायचं नाही, तिथे वाद घाला.

एकच खोली रंगवायची असेल, जोडीला कोणी असेल, तर नवा टेप घ्या, पुरतो. कागद लावताना पट्ट्यांच्या खुणा करायलाही तोच लागतो, ठिपक्याने खूण होत नाही. मी दोन्ही ठेवलेत. तरी पिशवीत आधी काय टाकतो म्हणाल तर लेझर.

गेल्या महिन्यात पडवीचं माप आईनेच संध्याकाळी फोनवर दिलं. "थांब रे, ठिपका वाशावर गेलाय. भिंतीवर आणते, मग लिही."