'एका वर्षात नर्स' म्हणणाऱ्या संस्था आणि अडकणारी नोंदणी

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ फलक लागतात: "१ वर्षात नर्स व्हा, नोकरीची हमी." दाखला मिळतो, युनिफॉर्म मिळतो, एखाद्या छोट्या हॉस्पिटलात कामही मिळतं. फसवणूक उघडी पडते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीला गेल्यावर. तिथे तो दाखला चालत नाही, आणि नोंदणीशिवाय सरकारी भरतीचं दार बंद.

नोंदणीची सर्वांत छोटी वाट एएनएमची (सहायक परिचारिका-प्रसाविका), तीही २ वर्षांची. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) ३ वर्षांचं. जनरल ड्यूटी असिस्टंटचं अल्पमुदतीचं प्रशिक्षण खरं असतं, पण त्यातून येतं ते अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन देणं. इंजेक्शन-सलाईन त्यात बसत नाही. ही रेघ मुद्दाम पुसून फी मात्र नर्सिंगची घेतली जाते.

खरा धोका पुढे आहे. कागदावर 'मदतनीस' असलेली ही मुलगी वॉर्डात 'सिस्टर' होते आणि रात्रपाळीत एकटीने सलाईन लावते. उपकेंद्रातली प्रशिक्षित एएनएम प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिनचे १० युनिट देते, झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवते, कारण सरकारी मार्गदर्शक सूचनांनी तिला तेवढा अधिकार दिला आहे. या मुलीच्या हातात असा एकही कागद नाही. रुग्णाला रिअ‍ॅक्शन आली की नातेवाइकांसमोर पहिली तीच उभी असते. वीस वर्षांच्या पोरीवर ही वेळ आणणं हा गुन्हाच आहे.

सोसायटी नोंदणी, आयएसओ प्रमाणपत्र, लघुउद्योगांची उद्यम नोंदणी यांपैकी कशानेही नर्सिंग शिकवायची परवानगी मिळत नाही. "कॉलेज परराज्यात आहे, फक्त परीक्षेला जा" असं सांगितलं, तर तिथूनच परत फिरा. इथे नोंदणी मागताना तिकडच्या कौन्सिलकडून पडताळणी होते.

एएनएम-जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. संस्थेकडून कोर्सचं पूर्ण नाव आणि परीक्षा मंडळ लेखी घ्या. मग कौन्सिलच्या यादीत नाव, पत्ता आणि कोर्स तिन्ही जुळवा. नाव खऱ्या कॉलेजचं आणि पत्ता भलताच, ही नेहमीची चलाखी. मूळ टीसी आणि गुणपत्रिका दाखवून परत घ्या, नाहीतर पुढे त्याच अडवून हप्ते वसूल होतात. फी संस्थेच्या खात्यावरच भरा आणि पावतीवर कोर्सचं नाव लिहून घ्या. फलकाचा फोटो, माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार करताना काय आश्वासन दिलं होतं, ते त्यावरूनच दाखवता येतं.