जनरेटर बघितला, करार नाही

वीज मंडळात मी 34 वर्षे काढली, त्यामुळे कुठेही गेलो की नजर आधी मीटर बॉक्सकडे जाते. 2021 च्या डिसेंबरात कर्जतच्या पुढे ज्येष्ठांसाठीची एक वसाहत बघायला गेलो, तेव्हाही मी जनरेटरचं केव्हीए रेटिंग वाचलं, अर्थिंगचा खड्डा बघितला, वीज गेल्यावर लिफ्ट कुठे थांबते ते विचारलं. सगळं ठीक होतं. परतताना ही म्हणाली, "तुम्ही एवढं तपासलंय म्हणजे झालं." झालं खरंच.

वसाहतीचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे. तशीही नावं टिकत नाहीत; आमच्या डोळ्यांदेखत कमानीवरची पाटी दोनदा बदलली.

आम्ही डोंबिवलीचे. मुलगी बेंगळुरूला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघं एकाच वेळी अंथरुणावर होतो आणि शेजारच्या वहिनी दाराबाहेर डबा ठेवून बेल वाजवून पळायच्या. तेव्हापासून हिच्या मनाने घेतलं की आता अशा ठिकाणी जायचं, जिथून पुन्हा सामान बांधावं लागणार नाही. चालते-फिरते आहोत तोवर आपली स्वतंत्र खोली, हातपाय थकले की मदतनीस, आणि पार अंथरुणाला खिळलो तर त्याच आवारात शुश्रूषा. ब्रोशरमध्ये नेमक्या याच तीन पायऱ्या रंगीत चित्रांसकट छापल्या होत्या. खाली ओळ होती, 'शेवटपर्यंत एकच पत्ता'.

बघायला जायचा दिवस रविवार. बस त्यांचीच, दादरहून. गेल्यागेल्या गरम साबुदाणा वडे, मग हॉलमध्ये भजन, मग एक चुणचुणीत मुलगी "काका, काकू, जपून हं, पायरी आहे" करत सगळं दाखवत फिरली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा केअर विंग. सहा पलंग, रिमोटवर वरखाली होणारे. मी रिमोट दाबून बघितला, डोक्याकडची बाजू झकास उचलली गेली. भिंतीवर ऑक्सिजनचे पॉइंट, प्रत्येक पलंगाशेजारी बेलचं बटण. गाद्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "नवीनच आहे काका, पुढच्या महिन्यात सुरू." हिने माझ्याकडे बघितलं. मला ते प्लास्टिक टापटिपीचं लक्षण वाटलं.

वसाहतीत तेव्हा चाळीसेक माणसं राहत होती आणि सगळी चालती-फिरती. यात काही खटकायला हवं होतं. शेवटपर्यंत ठेवून घेणारी जागा म्हणायची आणि तिथे एकही आजारी म्हातारा नाही?

आता पैशांचं सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. एकूण 26 लाख. डोंबिवलीचा फ्लॅट विकला त्यातले. शिवाय दोघांचं जेवण, सफाई वगैरे धरून महिना 38 हजार, वर जीएसटी. जानेवारी 2022 मध्ये एक माणूस घरी येऊन, लॅपटॉप उघडून आमचे अंगठे घेऊन गेला. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं भाड्याने राहायचं कागदपत्र, 60 महिन्यांचं, रीतसर नोंदणी झालेलं. सरकारी शिक्का बघितला आणि मी निर्धास्त झालो. पण त्या नोंदलेल्या कागदावर अनामत होती फक्त 4 लाख. उरलेले 22 लाख 'आजीवन सदस्यत्व' म्हणून वेगळ्या सेवा करारात, 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून, आणि तेही दुसऱ्याच कंपनीच्या नावे. जागा एकाची, सेवा दुसऱ्याची, आणि केअर विंग चालवणार म्हणे तिसरा. तीन पावत्या, तीन नावं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "टॅक्ससाठी असतं काका." नोकरीत ठेकेदारांची बिलं तपासताना असं उत्तर आलं असतं, तर मी फाइल परत पाठवली असती.

हे असं का करतात ते मला फार नंतर कळलं. घर विकत घेतलं किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलं, तर बिल्डरांवर अंकुश ठेवणारा रेरा कायदा आपल्या बाजूने उभा राहतो. जाहिरातीत खोटं लिहिलं असेल तर कलम 12, ताबा रखडवला तर कलम 18. पण भाड्याने राहणारा त्या कायद्याच्या लेखी घर घेणारा नसतोच. आम्हाला लायसन्सवर ठेवलं, म्हणजे दारातूनच बाहेर. पुढे महारेराच्या, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या इमारतीची नोंद शोधली. सापडली. साधा निवासी प्रकल्प. ज्येष्ठ नागरिक हा शब्द कुठेही नाही.

पहिलं दीड वर्ष, खोटं कशाला बोलू, चांगलं गेलं. ही गीतेचे अध्याय म्हणणाऱ्या बायकांत रमली. मी पंप ऑपरेटरशी गप्पा मारायचो. केअर विंग 'पुढच्या महिन्यात' सुरू होतच राहिला.

ऑगस्ट 2023. पहाटे तीनला ही बाथरूममध्ये पडली. बेल दाबली. ती वाजते सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, आणि वॉचमन पाऊस म्हणून गेटच्या आडोशाला गेलेला. '24 तास डॉक्टर' म्हणजे सात किलोमीटरवरचे एक वैद्य, फोनवर. ॲम्ब्युलन्स उभी होती, ड्रायव्हर रात्री गावाला जातो आणि किल्ली त्याच्या खिशात. शेवटी खालच्या मजल्यावरच्या 71 वर्षांच्या गृहस्थांनी आपली वॅगन आर काढली. मागच्या सीटवर हिला आडवं करून पनवेलला नेलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट दाबायची. दुसऱ्या हाताची नखं अजून आठवतात मला, सीटच्या कापडात रुतलेली.

खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, निदान तीन महिने पूर्ण शुश्रूषा लागेल. मी म्हटलं, त्याची सोय आहे आमच्याकडे.

परत आलो तर खोलीत नेणं अवघड झालं. बाथरूमचं दार 28 इंची, व्हीलचेअर आत जाईना. 2024 मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दारं 900 मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची नकोत असं आहे. म्हणजे साधारण 35 इंच. आमचं दार सात इंच कमी भरत होतं, आणि टेप माझ्या हत्यारांच्या पेटीत दीड वर्ष पडून होती.

मग तिसरा मजला. तेच सहा पलंग, तेच प्लास्टिक, वर धुळीचा थर. हिला तिथे झोपवलं आणि एक मावशी दिली, जी दिवसा स्वयंपाकघरात भाज्या चिरायची. त्या रात्री झोप येईना म्हणून मी मोबाइलचा टॉर्च घेऊन भिंत बघत बसलो. ऑक्सिजनच्या पॉइंटचे दोन स्क्रू फिरवले. पॉइंट हातात आला. मागे प्लास्टर. पाइप नाही, भोकसुद्धा नाही. सहाही पॉइंट तसेच, शोभेचे.

सकाळी ऑफिसात गेलो तर मॅनेजरने कराराचं कलम 14 समोर ठेवलं. रहिवाशाच्या शुश्रूषेची गरज व्यवस्थापनाच्या क्षमतेबाहेर गेल्यास त्याने 30 दिवसांत पर्यायी व्यवस्था करावी, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. खाली माझीच सही. सही करताना ते मी वाचलं होतं, हे विशेष. तेव्हा वाटलं, हे वेड्या-बिड्यांसाठी असेल. क्षमता किती आणि ती ठरवणार कोण, हे कुठे लिहिलेलं नाही. क्षमता शून्य असली तरी कलम लागूच.

ऑक्टोबरात डोंबिवलीला भाड्याच्या घरात परत आलो. सामान बांधून.

पैसे परत मागितले. नोंदलेल्या करारातले 4 लाख रंगरंगोटी आणि साफसफाई कापून 3 लाख 62 हजार मिळाले. 22 लाखांतून पहिल्या वर्षाचे 20 टक्के आणि दुसऱ्या, अपुऱ्या वर्षाचेही पूर्ण 10 टक्के वजा. तरी 15 लाख 40 हजार उरतात. ते कधी? 'सदर खोलीत नवीन सदस्य दाखल झाल्यापासून 90 दिवसांत'. नवीन सदस्य काही येईना. फेब्रुवारीत भाज्या चिरणाऱ्या मावशीचा फोन आला, हिच्या तब्येतीची चौकशी करायला. बोलता बोलता म्हणाली, "काका, तुमच्या खोलीत शनिवार-रविवार मुंबईची पोरं उतरतात, रात्रभर गाणी लावतात." खोली रिकामी नव्हती. भरलेलीही नव्हती, कारण पाहुणा म्हणजे सदस्य नव्हे.

सल्ले खूप मिळाले. एक परिचित म्हणाले, प्रांतसाहेबांकडे जा, ज्येष्ठांचा 2007 चा कायदा आहे. गेलो. तो निर्वाहाचा कायदा मुलांनी किंवा वारसांनी सांभाळलं नाही तर आहे. पैसे घेऊन सेवा न देणाऱ्या कंपनीवर तिथे निर्वाहाचा अर्ज चालत नाही. आमची मुलगी तर दर महिन्याला पैसे पाठवते, तिच्यावर काय अर्ज करू? मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं आणि जिल्हा आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच चालते, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. आमच्या बरोबरच्या दोघांची मुदत पत्रव्यवहारात गेली. "पुढच्या महिन्यात देतो" हे लेखी येत राहतं, आणि आपण थांबतो.

पुरावा म्हणून सगळ्यात जास्त कामाला आलं ते ब्रोशर. हिने त्यात लोणच्याची पाककृती लिहून ठेवली होती, म्हणून रद्दीत गेलं नाही. ऑक्सिजनचा एक पॉइंटही माझ्या पेटीत आहे, स्क्रूसकट. वकील म्हणाले, तो आणायला नको होता. मध्यंतरी कंपनीने 9 लाख देऊ केले, हप्त्यांनी, 'कोणतीही तक्रार उरली नाही' अशा पत्रावर. ही म्हणाली, घेऊन टाका, कटकट मिटेल. आमचं भांडण झालं त्यावरून. नाही घेतले.

हिला आता वॉकर घेऊन घरात फिरता येतं. पण माझे गुडघे गेले, त्यामुळे पुन्हा शोध सुरू आहे. मागच्या महिन्यात पुण्याजवळ एक जागा बघितली. न कळवता, मंगळवारी, दुपारी दोनला गेलो. वडे मिळाले नाहीत. मी म्हटलं, हॉल आणि बाग नंतर, आधी झोपलेली माणसं दाखवा. तिथल्या सिस्टर जरा चमकल्या, पण नेलं. नऊ जण होते. फिनेलचा आणि म्हातारपणाचा वास होता. खिडकीजवळच्या आजींनी पाणी मागितलं, मी घड्याळ बघितलं. चार मिनिटांनी एक मुलगी आली, त्यांची मान हाताने उचलून चमच्याने पाणी पाजलं. ही दाराशी उभी राहून गाद्यांकडे बघत होती. चादरी विटलेल्या होत्या.

"अहो," हळूच म्हणाली, "इथे प्लास्टिक नाही."

मी तेवढ्यात रात्रपाळीची वही मागितली आणि बाथरूमच्या दाराला टेप लावली. 36 इंच. कराराची प्रत घरी न्यायला मागितली तर दोन दिवस लावले, पण दिली. ती आता माझ्या वकील भाचीकडे आहे. मामा, माझं वाचून होईपर्यंत चेक लिहायचा नाही, असं तिने बजावलंय. चेकबुकही सध्या तिच्याकडेच आहे.