जुनी लेझर हलकी करायची: हीलियम भरावा की पाणी काढावं?

जुनी लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट, मंद वाऱ्यात बसकण मारते आणि नवी घ्यायची ऐपत नाही, हे दुखणं खडकवासल्याच्या पाण्यावर शीड उभारणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कारखान्यातून निघताना हल, म्हणजे बोटीचं पोकळ धड, 59 किलोचा असतो. वीस वर्षं वापरलेला अजून तेवढाच भरेल, यावर मी तरी पैज लावणार नाही. मग चहाच्या टपरीवर एकेक डोकं चालायला लागतं. सुकाणूला भोकं पाडा, जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) घासून पातळ करा, स्क्रू टायटॅनियमचे बसवा. घरचे आणखी एक उपाय सुचवतात, पोटाकडे बघत. तो तूर्त बाजूला ठेवू. या सगळ्यांत मला दोनच कल्पना करून बघाव्याशा वाटल्या: हलच्या पोकळीत हीलियम भरायचा, किंवा टेबलफॅन लावून हल आतून वाळवायचा.

हीलियम ऐकायला झकास. एक घनमीटर हीलियम समुद्रसपाटीला साधारण एक किलो वजन पेलतो. पुणे 560 मीटर उंचीवर आणि वरून एप्रिलचं ऊन, म्हणजे हवा आधीच विरळ; इथे किलोला थोडं कमीच धरा. लेझरच्या पोटात अर्धा घनमीटर जागा मोकळी मिळाली असं मानलं, तरी हाती अर्धा किलोही लागत नाही. ‘मग सरळ निर्वातच करू’ म्हणणारा एक जण असतोच. त्याला सांगा, हीलियमपेक्षा त्यात घनमीटरमागे दीडशे ग्रॅमच काय ते जास्त सुटतात, आणि डेकच्या, म्हणजे बोटीच्या वरच्या पाठीच्या, दर चौरस मीटरवर नऊ टनांहून जास्त हवा बसते.

तरी अर्धा किलो तर अर्धा किलो. तोही पुढच्या टोकाला सुटला तर बोट लाटेवर कमी डुचमळते, हे खरं आहे. पण मी हीलियमचा नाद सोडला तो एका बारीक भोकापायी. हल उन्हात तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला एक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते उघडं ठेवलं तर हीलियम घरी निघून जातो. बंद केलं तर दुपारी डेक वर चढायला लागतं, कडेच्या सांध्यातून कुरकुर ऐकू येते. राहिला मार्ग फुग्यांचा. रबरी फुगे दुसऱ्या दिवशी सुरकुततात. चंदेरी फॉइलचे टिकतात, पण सकाळी तट्ट भरलेले दुपारी शिवणीला उसवतात, म्हणून अर्धवट भरायचे. मग मिळणार काय? शिवाय दर रविवारी ते हॅचमधून, म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या तोंडातून, एकेक कोंबायचे, आणि त्यासाठी डेकोरेशनवाल्याचं लोखंडी सिलिंडर डिपॉझिट भरून सिंहगड रोडच्या गर्दीतून न्यायचं. रस्त्यावरच्या फुगेवाल्याकडून गॅस घेऊ नका, त्याच्या सिलिंडरमध्ये बऱ्याचदा हायड्रोजन असतो.

वाळवण्यात असली गंमत नाही. जुन्या हलच्या आत फोमचे ठोकळे असतात, ते वर्षानुवर्षं पाणी पितात. बूच काढून हल तिरका केला की सुटं पाणी निघतं. फोमातलं तसंच राहतं. डेकला एक हॅच बसवायची (लेझरच्या शर्यतींच्या नियमांत ती चालते), बूच उघडं ठेवायचं आणि हॅचवर फॅन लावून द्यायचा. पहिले काही दिवस आतून कुबट, शेवाळासारखा वास येतो. तो गेला की समजायचं, काम होतंय. पुण्याचा मार्च ते मे म्हणजे कुरडयांचा मोसम, हवा त्याच कामाची आहे.

त्याआधी गळती मात्र शोधा, नाहीतर सगळं फुकट. हॅच आणि बूच लावून त्या बारीक भोकातून अगदी हलकी हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. माझ्या बोटीत डोलकाठी ज्या खोबणीत बसते, तिच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे एका रांगेत आले. तिथे इपॉक्सी भरलं.

किती किलो गेले? काट्यावर घातली नाही, त्यामुळे आकडा देत नाही. पण पूर्वी चिखलातून वर ओढायला तिसरा माणूस हाकारावा लागायचा, आता मी आणि मुलगा पुरतो. मंद वाऱ्यात टॅक घेतल्यावर (बोटीचं नाक वाऱ्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे वळवल्यावर) ती लवकर उठते असंही वाटतं. हे मनाचे खेळ असू शकतात, नाकारत नाही.

ज्यांची बोट खरोखर कोरडी आहे आणि हौस दांडगी आहे, त्यांनी हीलियम जरूर करून बघावा. घरच्या घरी, बरं का. लेझरमध्ये नियमांनी स्पष्ट परवानगी दिलेली नसेल ते करताच येत नाही, त्यामुळे शर्यतीला फुगे बाहेर. वजनाला किमान मर्यादाच नसलेली बोट हवी असेल तर मॉथ नावाची शिडाची बोट घ्यावी, पण तो खिसा वेगळा.

वाळवायचं ठरलं तर पाडव्याच्या सुमारास फॅन लावा. जूनमध्ये सुरू केलंत तर पावसाळी हवा आत ओढली जाईल, त्यापेक्षा दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं.