साठीनंतर दोराने झाडावर चढण्याचा वर्ग : चार रविवारांचा अभिप्राय

मला एकसष्टावे वर्ष लागले त्याच महिन्यात मी वडोदऱ्याबाहेर, सिंधरोटच्या वाटेवरील एका शेतावर भरणाऱ्या दोराने झाडावर चढण्याच्या वर्गात नाव नोंदवले. जानेवारीतले दोन आणि फेब्रुवारीतले दोन असे चार रविवार, सकाळी सात ते साडेदहा, शुल्क साडेचार हजार रुपये आणि एका गटात आठ जण, असे या वर्गाचे स्वरूप आहे. "या वयात तुला हरभऱ्याच्या झाडावर कोणी चढवलं?" असे यजमानांनी विचारले, त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही. मात्र ओळखीतल्या पन्नाशीपुढच्या अनेकांनी वर्गाची चौकशी केली आणि प्रत्येकाने सर्वांत आधी हातांच्या ताकदीविषयीच विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हाच प्रश्न घेऊन मीही गेले होते. माझे दोघे भाऊ लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांबाला जात, त्यामुळे दोर म्हटला की मनगट आणि पकड एवढेच माझ्या डोळ्यांपुढे येई. दोरीच्या मल्लखांबात दोरी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरतात आणि सगळा भार त्या पकडीवर तोलतात. पकड सुटली की माणूस खाली. येथे भार गाठ धरते. दोर एका भक्कम फांदीवरून टाकून त्याचे एक टोक आपल्या कमरेच्या पट्ट्याला जोडलेले असते, आणि त्याच टोकाचा उरलेला शेपटा फांदीपलीकडून खाली आलेल्या दोराभोवती एका विशिष्ट गाठीने गुंडाळलेला असतो. ही गाठ मोकळी असताना हाताने वर सरकते आणि तिच्यावर वजन आले की दोर आवळून जागच्या जागी थांबते. त्यामुळे दम लागला तर दोन्ही हात सोडून बसता येते, आणि मी तशी पहिल्याच दिवशी जमिनीपासून सहा फुटांवर पुष्कळ वेळ बसले.

ओढण्याचा हिशेबही आपल्या बाजूने आहे. दोर फांदीवरून दुहेरी असल्यामुळे एक फूट वर जायला दोन फूट दोर ओढावा लागतो, पण त्या बदल्यात जोर कागदावर तरी निम्माच लागतो. कागदावर म्हणण्याचे कारण असे की दोर सालीवर घासतो आणि त्या घर्षणात बराच फायदा विरून जातो. ते कमी व्हावे आणि झाडाची सालही सोलू नये म्हणून फांदीवर आधी चामड्याची नळी चढवतात व दोर तिच्यातून ओवतात. तरीही माझे हात आठ फुटांतच भरून आले. तेव्हा शिक्षकांनी दोराला आणखी एक छोटी गाठ मारून पायासाठी फास लावून दिला. ती प्रुसिक गाठ, ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांच्या नावाची आणि १९३१ पासून गिर्यारोहकांच्या वापरातली. फास वर सरकवायचा, त्यात पाय देऊन उभे राहायचे, उभे राहिल्यावर सैल झालेला दोर ओढून वरची गाठ पुढे ढकलायची आणि पुन्हा बसायचे. ज्यांना जिना चढता येतो त्यांना हे जमते. माझ्या गटातले अडुसष्ट वर्षांचे निवृत्त प्राध्यापक दुसऱ्या रविवारी माझ्या आधी फांदीला हात लावून आले, आणि त्यांच्या गुडघ्यावर तर पट्टा होता.

या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे गाठीवर दिलेला वेळ. पहिला संपूर्ण रविवार आम्ही जमिनीवर, कमरेच्या उंचीवर बांधलेल्या आडव्या दांड्याशी ब्लेक नावाची गाठ बांधत आणि सोडत घालवला. १९९४ मध्ये जेसन ब्लेक यांच्यामुळे ती झाडांवर काम करणाऱ्यांत पसरली, आणि त्यांच्या आधीच ऑस्ट्रियाचे हाइन्झ प्रोहास्का यांनी ती मांडली होती. शेपट्याचे मुख्य दोराभोवती खालून वर चार वेढे घालायचे, टोक खाली आणून स्वतःच्याच दोरावरून पुढून घ्यायचे, मग मुख्य दोराच्या मागून नेऊन खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढायचे, आणि शेवटी टोकाला आठाच्या आकाराची अडगाठ मारायची. टोक स्वतःच्या दोरावरून घ्यायचे राहिले तर दिसायला जवळजवळ तशीच, पण वजन पडताच उलगडत जाणारी गाठ तयार होते. शिक्षकांनी ती चुकीची गाठ मुद्दाम बांधली, तिच्यात वाळूचे पोते अडकवले आणि पोते धपकन खाली आले. त्यानंतर गटातल्या कोणीही दुसऱ्याकडून गाठ तपासून घेतल्याशिवाय पाय उचलला नाही. वीणकाम केलेल्या हातांना ही गाठ लवकर येते, असे माझे निरीक्षण आहे. आम्हा तिघी बायकांना ती अर्ध्या तासात बसली.

झाड निवडण्याची त्यांची पद्धतही मला पटली. वडाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या शहरात शिकायला वडच असेल, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी रायण, म्हणजे आपली खिरणी, निवडली होती, कारण दोर फांदीवर चढवण्यासाठी आधी फेकायची बारीक दोरी वडाच्या पारंब्यांत अडकते आणि खिरणीचे लाकूड कठीण असते. शेतात जांभूळ आणि शेवगाही आहे, परंतु त्यांच्या फांद्या ठिसूळ म्हणून तिकडे कोणाला फिरकू दिले नाही. दोर टाकायची फांदी जिवंत हवी, खोडाजवळ हवी आणि निदान सहा इंच जाडीची हवी, हा नियम त्यांनी एकदाही सैल केला नाही. झाडाभोवती फिरून वाळकी फांदी, मधमाश्यांचे पोळे आणि जवळून जाणारी विजेची तार पाहिल्याशिवाय दोराची पिशवी उघडतच नसत.

उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीला पतंग उडवून झाल्यानंतरच्या रविवारी या पाहणीत एक गोष्ट वाढली. खिरणीच्या शेंड्यापासून मधल्या फांद्यांपर्यंत मांजा लोंबत होता, त्यात एक गुलाबी पतंग आणि वाळलेली दोन पिसे अडकलेली होती. काच लावलेला मांजा दोराच्या वरच्या विणीला कापतो, म्हणून लांब बांबूला आकडी बांधून तो सगळा उतरवण्यात चाळीस मिनिटे गेली. काही जण कुरकुरले. मला मात्र त्या चाळीस मिनिटांत या माणसांवर विश्वास बसला, कारण त्यांनी त्याच वेळी एक बाद केलेला दोर चिरून आम्हाला दाखवला. बाहेरची वीण वेगळी, आतला गाभा वेगळा, आणि गाभा शाबूत असला तरी वीण एका जागी फुटली की दोर चढण्यातून निवृत्त.

आता तक्रारी. झाडासाठी असतात तसे रुंद बैठकीचे हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, त्यांच्याकडे फक्त दोन आहेत. उरलेल्या सहा जणांना कडे चढण्यासाठी वापरतात तसले अरुंद पट्ट्यांचे हार्नेस मिळतात, आणि त्यांत वीस मिनिटे लोंबकळल्यावर माझ्या मांड्या बधिर झाल्या. ही नुसती गैरसोय नव्हे. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिल्यास पायांत रक्त साचून घेरी येऊ शकते, असे त्याच शिक्षकांनी आम्हाला बजावले होते; मग ज्येष्ठांसाठी वर्ग घेताना आणखी चार रुंद पट्टे घेणे त्यांना सुचायला हवे होते. प्रवेशाच्या वेळी वय विचारले गेले, परंतु रक्तदाबाचा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि जोखमीचा कागद फक्त इंग्रजीत असल्यामुळे गटातल्या दोघांनी तो न वाचता सही केली. सात म्हणजे साडेसात असे गृहीत धरावे लागते. शेतावर स्वच्छतागृह नाही. चार रविवारांत महिलांची या एका गोष्टीने जेवढी पंचाईत झाली, तेवढी झाडाने केली नाही.

फेकदोरीचा भाग त्यांनी घाईत उरकला, हेही नोंदवले पाहिजे. शिशाच्या गोळ्या भरलेली, साधारण साडेतीनशे ग्रॅमची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून ती नेमक्या फांदीवरून टाकणे हे अर्धे कसब आहे. आम्हाला त्यासाठी जेमतेम पाऊण तास मिळाला, आणि माझ्या अकरा फेकींपैकी एकही लागली नाही. दोर नेहमी शिक्षकांनीच लावून दिला.

चौथ्या रविवारी मी अंदाजे तीस फुटांवरच्या फांदीपर्यंत पोचले. तेथून मही नदीच्या काठची कोतरे, म्हणजे घळी, आणि पलीकडचा पाण्याचा पट्टा दिसतो. उतरताना गाठीवर हात ठेवून ती हळूहळू दाबत खाली यायचे असते आणि मी जरा वेगात आले. खालून "मासी, धीमे धीमे" अशी हाक आली. जमिनीवर टेकल्यावर त्यांनी मला गाठीचे वेढे दाखवले. घर्षणाच्या उष्णतेने दोराची वीण बोटभर लांबीत वितळून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. तेवढा शेपटा त्यांनी तिथेच कापून टाकला.

दुसरा टप्पा नोव्हेंबरमध्ये आहे, त्यात फेकदोरी आणि एका फांदीवरून दुसरीवर जाणे शिकवतात. मी पैसे भरले आहेत, आणि रुंद बैठकीचा एक हार्नेस माझ्या नावाने राखून ठेवावा, असे पावतीवर लिहून घेतले आहे.