उपासना मंदिर बांधायचं: पैसे साठवून, कर्ज काढून की टप्प्याटप्प्याने?

नवं उपासना मंदिर हवं यावर ख्रिस्ती मंडळीच्या सभेत सहसा दुमत नसतं. पैसा कसा उभा करायचा इथे गाडी अडते. एक गट म्हणतो, पूर्ण रक्कम जमल्याशिवाय कुदळ मारायची नाही. दुसरा म्हणतो, कर्ज काढा, आजचा दर उद्या मिळणार नाही. तिसऱ्याचं म्हणणं, हातात आहे त्यात पाया तरी घालून ठेवू. तिन्ही मार्गांनी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि रखडल्याही आहेत. इमारत निधीत दरमहा नेमाने किती पडतं आणि ते किती वर्षं पडत राहील, यावर निवड ठरते. म्हणून खजिनदाराने आधी गेल्या तीन वर्षांच्या अर्पणाच्या वह्या काढाव्यात आणि महिनेवार आकडे मांडावेत.

त्याहीआधी आकार. बाकावर माणशी ५० सेंटिमीटर रुंदी आणि रांगांमध्ये ९० सेंटिमीटर अंतर धरलं, तर बसायला ०.४५ चौरस मीटर पुरतं. वाटा, वेदी, गायकांची जागा आणि मागची मोकळी जागा धरली की हिशेब माणशी १ ते १.२ चौरस मीटरवर जातो. म्हणजे ३०० जणांना ३०० ते ३६० चौरस मीटर. स्वच्छतागृहं, संडे स्कूलच्या खोल्या आणि पाळकांची खोली यात आलेली नाहीत. मधली वाट दीड मीटरपेक्षा अरुंद ठेवू नये. शवपेटी दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्यांना तेवढी लागतेच. नाताळच्या गर्दीवर आकार बेतणं ही सर्वांत महागडी चूक आहे. जागा ८० टक्के भरल्या की लोकांना सभागृह भरल्यासारखं वाटतं आणि नवा माणूस दारातूनच परत फिरतो, असा ठोकताळा आहे. ती वेळ आली असेल तर सहा महिने दोन उपासना घेऊन पाहा. त्याला एक वीटही लागत नाही आणि खरी गरज किती जागांची आहे ते कळतं.

आता एकच उदाहरण तिन्ही मार्गांना लावू. आजचा बांधकाम खर्च १०० भाग, इमारत निधीत वर्षाला २० भाग, ठेवीवर व्याज ४ टक्के, बांधकामाची दरवाढ ६ टक्के, कर्जाचं व्याज १० टक्के. तुमच्याकडचे दर घालून हेच गणित पुन्हा करा.

साठवून बांधणं

वर्षाला २०, म्हणजे पाच वर्षांत काम होईल, असं सभेत सांगितलं जातं. पाच वर्षांनी निधी १०८ होतो खरा, पण खर्च तोवर १३४ वर गेलेला असतो. सहाव्या वर्षाअखेर १३३ विरुद्ध १४२. सातव्या वर्षी १५८ विरुद्ध १५०, तेव्हा कुठे निधी पुढे निघतो. हे दोन वर्षांचं अंतर आधीच सांगून टाका; नाहीतर पाचव्या वर्षी लोक पंचांकडे संशयाने बघू लागतात.

या मार्गाचा मोठा गुण म्हणजे देणं कमी झालं तरी फक्त तारीख पुढे जाते, कोणाच्या डोक्यावर हप्ता बसत नाही. ठेकेदाराचं बिल वेळेवर चुकतं झाल्यामुळे दरातही चार गोष्टी मागून घेता येतात. दुखणं वेळेचं आहे. सात वर्षांत कमिटी बदलते, पाळकांची बदली होते आणि जुन्या छताच्या दुरुस्तीला ‘तात्पुरते’ घेतलेले पैसे परत येत नाहीत. वेगळं खातं, दोन सह्या, आणि मंडळीच्या ठरावाशिवाय एक पैसाही काढायचा नाही, एवढं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं तर हे टळतं.

कर्ज काढून बांधणं

दोन वर्षं साठवलं की हाती ४०.८ भाग येतात, खर्च तेव्हा ११२.४. उरलेल्या ७१.६ साठी सात वर्षांचं कर्ज घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १.१९, म्हणजे वर्षाला १४.३. फेड एकूण १०० च्या आसपास, त्यात व्याज २८. स्वतःचे आणि कर्जाचे मिळून १४१ भाग जातात आणि इमारत पाच वर्षं आधी मिळते. कागदावर हा मार्ग साठवणीपेक्षा स्वस्त आहे. ‘व्याज म्हणजे वाया गेलेला पैसा’ म्हणणाऱ्यांनी दरवाढही तशीच मोजावी.

पण हे गणित एका गृहीतकावर उभं आहे: इमारत झाल्यावरही वर्षाला २० येत राहतील. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. भिंती चढत असताना हात सैल असतात. समर्पणाचा दिवस उलटला की निधीची पेटी हलकी होते. त्याच वेळी वीज, साफसफाई, विमा आणि रंगकाम यांचा खर्च वाढतो. देणं २० वरून १५ वर आलं तर हप्ता जाऊन ०.७ उरतात, आणि तेवढ्यात नवी इमारत चालत नाही. हप्ता नियमित अर्पणाच्या पाव हिश्श्याच्या आत राहिला पाहिजे, आणि सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय कर्जावर सही करू नये. हप्ता हलका करायला मुदत १५ वर्षांवर नेली तर तो ०.७७ होतो, पण व्याज २८ वरून ६७ वर जातं. पंचांपैकी कोणी वैयक्तिक हमी देत असेल तर ते नावानिशी सभेत सांगा. दोन कुटुंबांनी गुपचूप ओझं उचलणं मंडळीला शोभत नाही.

वचनपत्रांबद्दल, म्हणजे इतकी रक्कम देऊ असं सभासद लिहून देतात त्याबद्दल, इथेच बोलायला हवं, कारण कर्जाचा आकडा बहुधा त्यांच्यावरच बेततात. तीन वर्षांसाठी १०० भागांची वचनं आली तर ८५ धरून चाला. माणसं गाव बदलतात, नोकऱ्या जातात, आजारपणं येतात. यात कोणाची नियत खोटी नसते. शिवाय रक्कम सगळ्यांत सारखी वाटली जात नाही. सर्वांत मोठं एक देणं उद्दिष्टाच्या १० ते १५ टक्के आणि पहिली दहा मिळून निम्म्याच्या आसपास, अशी उतरंड धरावी लागते. त्या दहा घरी जाऊन बोलणं झाल्याशिवाय व्यासपीठावरून आकडा जाहीर करू नये. देणाऱ्यांची नावं रकमेसह फलकावर लावण्याला आमचा ठाम विरोध आहे. बायबलमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे तिने अर्पण केलेल्या दोन छोट्या नाण्यांवर, प्रवचन करायचं आणि बाहेर रकमांच्या क्रमाने यादी टांगायची, हे जुळत नाही.

टप्प्यांत बांधणं

जर्मनीतल्या कोलोनच्या कथीड्रलचं काम १२४८ साली सुरू झालं. वेदीचा भाग १३२२ मध्ये समर्पित झाला तेव्हा उघडी बाजू तात्पुरत्या भिंतीने बंद केली होती. सोळाव्या शतकात काम थांबलं, अपुऱ्या मनोऱ्यावर लाकडी क्रेन शेकडो वर्षं तशीच उभी राहिली, आणि पूर्णत्व आलं १८८० मध्ये. पण मधल्या बहुतेक काळात त्या पुऱ्या झालेल्या भागात उपासना होत होती. स्पेनमधल्या बार्सिलोनातलं साग्रादा फामिलिया हे चर्च १८८२ पासून देणग्यांवर चालू आहे. तिथे वास्तुकार गाउदीने सगळ्या भिंती एकदम थोड्याथोड्या चढवण्याऐवजी ख्रिस्तजन्माचा दर्शनी भाग आधी हाती घेतला.

टप्पा उभा कापावा, आडवा नको. आडवा म्हणजे यंदा सगळा पाया, मग सगळे कॉलम, छत पुढे कधीतरी. यात पैसा जमिनीत जातो, वापरायला काही मिळत नाही, आणि चार वर्षांनी देणारे थकतात. उभा म्हणजे ४०० जागांपैकी २०० जागांचा भाग पायापासून छतापर्यंत, स्वच्छतागृह आणि १:१२ उताराच्या रॅम्पसकट पुरा. पुढचं कधीच झालं नाही तरी तो भाग अपुरा वाटू नये, असा नकाशा आर्किटेक्टकडून मागा.

घोळ होतो तो जोडावर. पुढच्या टप्प्यासाठी सोडलेल्या सळ्या पाहा. १६ मिलिमीटरच्या सळईला व्यासाच्या ५० पट, म्हणजे ८० सेंटिमीटर तरी जोड-लांबी लागते. सगळ्या सळ्या एकाच उंचीवर न तोडता एकाआड एक लांब ठेवतात, म्हणजे सगळे जोड एका रेषेत येत नाहीत. उघड्या राहिल्या तर दोन-तीन पावसांत पापुद्रे सुटू लागतात. प्लॅस्टिक गुंडाळलं तर दमट हवा आत कोंडते आणि गंज दिसत नाही एवढंच. सिमेंटची स्लरी फासून त्यावर कमी सिमेंटचं कच्चं काँक्रीट ओतावं. पुढे ते फोडून काढता येतं. इतकं करूनही, काम पुन्हा सुरू करताना तारेच्या ब्रशने घासून सळईचा व्यास मोजा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्यापेक्षा बरं म्हणजे दोन टप्प्यांत जोडफट ठेवून दुसऱ्या बाजूला स्वतंत्र कॉलम घेणं. मग जुन्या सळ्यांवर विसंबावं लागत नाही, फक्त फटीवरचं पाणी अडवायची सोय नीट करावी लागते.

तात्पुरती भिंत भार न घेणारी ठेवा आणि आतून जाड पडदा सोडा. वेदीसमोरची सपाट, टणक भिंत आवाज परत फेकते. प्रवचन कळायला घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावर घुमत राहण्याचा वेळ, १ सेकंदाच्या आसपास हवा, एकत्र गाण्याला दीड-दोन सेकंद शोभतात. त्या भिंतीने दोन्ही बिघडतं. सांडपाण्याची मुख्य वाहिनी आणि विजेची मुख्य केबल मात्र पहिल्याच टप्प्यात पूर्ण ४०० जागांच्या हिशेबाने घाला, नाहीतर नवी फरशी उखडावी लागेल.

आमचा कौल असा. देणारी कुटुंबं शंभराच्या आत असतील किंवा निम्मं देणं दोन-तीन घरांतून येत असेल, तर कर्जाच्या वाटेला जाऊ नका. उभा पहिला टप्पा साठवलेल्या पैशात करा. देणं पसरलेलं असेल, तीन वर्षं स्थिर असेल आणि ४० टक्के रोख हाती असेल, तर सात वर्षांचं कर्ज रास्त आहे. जुनी जागा सुरक्षित असेल, दुसरी उपासना घेऊन भागत असेल, तरच सगळं साठवेपर्यंत थांबा.

मार्ग कोणताही निवडा, ठेकेदाराच्या करारात तीन आकडे आधी पक्के करा: अनपेक्षित कामांसाठी खर्चाच्या १० टक्के राखीव, प्रत्येक बिलातून ५ टक्के अनामत, आणि ती अनामत काम संपल्यावर एक पावसाळा पुरा उलटून छत कोरडं राहिल्यावरच परत.