जुन्या एच६१ बोर्डावर यूएसबी ३.० कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसून जास्तीचे यूएसबी ३.० पोर्ट देणारं असलं कार्ड लोक वेगासाठी घेतात. मी घेतलं ते दोन वेबकॅमच्या भांडणामुळे. गणिताचे ऑनलाइन वर्ग घेते. एक कॅमेरा चेहऱ्यावर, दुसरा वरून वहीवर. पहिला चालू असताना दुसरा लावला की काळी चौकट. केबल बदलली, कॅमेऱ्यांची अदलाबदल केली, फरक शून्य.

मदरबोर्ड इंटेल एच६१ चिपसेटचा. चिपसेट म्हणजे बोर्डावरचे पोर्ट वगैरे सांभाळणारी चिप. चिपसेटमध्येच यूएसबी ३.० आलं ते २०१२ च्या ७ सिरीजपासून, म्हणजे माझ्या बोर्डानंतर. बाहेर पोर्ट भरपूर दिसतात, पण आत त्यांचा कारभार बघणारे होस्ट कंट्रोलर दोनच, दोन्ही ईएचसीआय, म्हणजे यूएसबी २.० च्या प्रकारचे. आणि ४८० मेगाबिट ही क्षमता पोर्टागणिक नसते, कंट्रोलरवरच्या सगळ्यांना मिळून असते.

यूएसबी २.० मध्ये उपकरण आपणहून तोंड उघडत नाही. कंट्रोलर वर्गात हजेरी घ्यावी तसा एकेकाला पुकारतो, तेव्हाच ते डेटा देतं. हा वेळ १२५ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि त्यातला जास्तीत जास्त ८० टक्के कॅमेरा, माईक, माऊस यांच्यासाठी राखून ठेवता येतो. पेनड्राइव्ह, डिस्क यांना उरलेलं. एक कॅमेरा दर तुकड्यात १०२४ बाइटची तीन पॅकेट मागू शकतो, म्हणजे सेकंदाला साधारण २४.५ एमबी. दोघांचे झाले ४९. ४८० मेगाबिट म्हणजे ६० एमबी, त्याच्या ८० टक्क्यांची राखीव हद्द ४८ लाच संपते! काही कॅमेरे तर चित्र लहान केलं तरी जागा पूर्णच अडवून बसतात.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी विंडोजमधल्या डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडून बघा. कोणता पोर्ट कोणत्या कंट्रोलरखाली आहे ते तिथे कळतं. माझ्याकडे मागचे पोर्ट एकाखाली, पुढचे दुसऱ्याखाली निघाले. दुसरा कॅमेरा पुढे लावला आणि फुकटात चालला. तेवढंच हवं असेल तर कार्ड घेऊच नका. मला रेकॉर्डिंगसाठी बाहेरची डिस्कही लागते, म्हणून घेतलं.

कार्डावर रेनेसासची ७२०२०१ चिप, चार पोर्ट. विंडोज १० ने ड्रायव्हर न मागता ओळखलं. विंडोज ७ असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. हा कंट्रोलर एक्सएचसीआय, म्हणजे यूएसबी ३.० च्या नव्या प्रकारचा. ड्रायव्हर रॅममध्ये कामांची रांग लावतो, चिपमधल्या 'डोअरबेल' नावाच्या रजिस्टरमध्ये (नोंदीच्या छोट्या जागेत) नोंद करतो, मग चिप स्वतः मेमरीतून काम उचलते आणि झालं की दुसऱ्या रांगेत कळवते. ३.० चं उपकरण तयार नसेल तर त्याला पुन्हापुन्हा विचारावं लागत नाही, तयार झालं की तेच सांगतं.

डिस्कवर कॉपी पूर्वी ३५ एमबीच्या आसपास रेंगाळायची, आता शंभरच्या वर जाते. वर्ग चालू असताना कॉपी लावली तरी कॅमेरे अडखळत नाहीत आणि मला याचंच जास्त समाधान आहे. खोक्यावर मात्र चारही पोर्टांना ५ गिगाबिट लिहिलंय, त्यावर जाऊ नका. कार्ड पीसीआय एक्सप्रेस २.० च्या एकाच लेनवर, म्हणजे बोर्डाशी जोडणाऱ्या एकाच डेटामार्गावर बसतं. सेकंदाला फार तर ५०० एमबी, तेही चौघांत वाटून.

घेताना सॅटा पॉवरची जोडणी, म्हणजे पॉवर सप्लायमधून थेट वीज घेण्याची सोय असलेलंच घ्या. एका ३.० पोर्टला ९०० मिलिअँपियर, म्हणजे चार पोर्टांना १८ वॅट. कार्ड बसतं त्या एक्स१ (एका लेनच्या) स्लॉटचं गणित साधारण १० वॅटचं.

कटकटी दोन. जुन्या बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रामला) हे कार्ड दिसत नाही, त्यामुळे कीबोर्ड आणि बूट करायचा पेनड्राइव्ह बोर्डाच्याच पोर्टला ठेवावा लागतो. दुसरी जरा विचित्र: डिस्क जोरात चालू असली की शेजारच्या पोर्टमधल्या वायरलेस माऊसचा बाण अडखळायचा. यूएसबी ३.० च्या तारांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो आणि माऊसही तिथेच बोलतो. रिसीव्हर एका एक्स्टेंशन केबलवर टेबलापर्यंत आणला, तेव्हापासून बाण जागेवर आहे.