वाकलेल्या ट्रेमोलो ब्रिजची दुरुस्ती: पुण्यातील एका कारागिराचे काम

माझ्या स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) घाटाच्या गिटारचा ट्रेमोलो ब्रिज वाकला होता. तारा ज्यावर टेकतात आणि आर्म नावाच्या दांड्याने जो हलवून सूर खाली-वर करता येतो, तो हा धातूचा भाग. आर्म दाबून सोडला की तारा मूळ सुरावर परतत नव्हत्या, आणि बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरील आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे तारा इतक्या उंच गेल्या होत्या की वाजवताना बोटे दुखत. नवा ब्रिज घेणे सोपे वाटते. परंतु मूळ फेंडर ब्रिजच्या पहिल्या व सहाव्या स्क्रूमध्ये सुमारे ५६ मिलिमीटर अंतर असते आणि माझ्या गिटारवर ते त्याहून कमी आहे, त्यामुळे लाकडातील जुनी छिद्रे बुजवून नवी पाडावी लागली असती. म्हणून मी पुण्यातील एका अनुभवी कारागिराकडे गेलो.

त्यांनी मागच्या स्प्रिंगा काढल्या, ब्रिजखालचा धातूचा ठोकळा म्हणजे ब्लॉक सोडवला आणि ब्रिजची वरची प्लेट काचेवर ठेवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पात्यांची पट्टी) सरकवून दाखवला. मध्यभागी पाऊण मिलिमीटरची फट होती. “हे सहाही स्क्रू इतके कुणी आवळले?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मला मागच्या सर्व्हिसिंगची आठवण झाली. १९५४ सालच्या या रचनेत प्लेट स्क्रूंपाशी बिजागरीसारखी डुलली पाहिजे. स्क्रू घट्ट बसले की तिचे डुलणे थांबते आणि आर्मचा सगळा जोर जेमतेम दोन मिलिमीटरच्या पत्र्यावर येतो, ज्यावर सहा तारांचा मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोचा ताण आधीच असतो.

पत्रा तापवला असता तर क्रोमचा मुलामा गेला असता, म्हणून त्यांनी शेगड्याच्या (वस्तू घट्ट धरणाऱ्या पकडीच्या) जबड्यांना अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे लावून तो थंडच, थोडा थोडा दाबत सरळ केला आणि दर वेळी काचेवर तपासला. मग स्क्रूंची छिद्रे आणि ब्लॉक यांच्या मधल्या, जिथे बाक आला होता त्या भागाखाली, गिटारच्या लाकडातील पोकळीत मावेल एवढी पोलादी पट्टी बसवली. बसवताना कडेचे दोन स्क्रू टेकवून मधले चार अर्धा फेरा सैल ठेवले. हे शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण घट्ट आवळलेले स्क्रू हेच बाक येण्याचे मूळ होते.

दोन दिवसांचे काम नऊ दिवस चालले, आणि पट्टीच्या स्क्रूंची दोन डोकी प्लेटवर दिसतात. चौदाशे रुपयांत तरीही मला हे काम पूर्ण समाधानकारक वाटते: तीन आठवडे रोज वाजवूनही आर्म सोडल्यावर तारा सुरात परततात. आर्मच्या छिद्रातील आटे मात्र अजून सैल आहेत. ते करून घ्यायला मी पुन्हा त्यांच्याकडेच जाणार आहे.